बडग्याच्या हातची गिटार

…आणि वरून मलेच विचारते, “पंचफुलाबाई, या वयात शोभते काय वं हे तुम्हाले?” शोभते काय! आता वय म्हणजे काय नाकातली नथ आहे, शोभायले? वय आहे ते. आलं, बसलं, आता जाईन तवा मलेच घेऊन जाईन. आणि विचारणारी कोण, तर शेजारची प्रयागबाई! जिच्या घरचा रेडिओ कोंबड्याच्या आधी उठते, आणि काटा असा मधातच अडकलेला की एका कानानं नागपूर ऐका आणि दुसऱ्या कानानं सिलोन… ते शोभते आमच्या साऱ्या मस्कासाथ मोहल्ल्याले, माझी गिटार तेवढी शोभत नाही! मी म्हटलं, “प्रयागबाई, मी कोणाले विचारून जन्माले आली काय? नाही ना? मंग गिटार घेतानी कायले विचारू?”

हाव, गिटारच. तुनतुनं नाही, सतार नाही, बुलबुलतरंग त बिलकुल नाही. आणि ते आजकालचे लंब्या केसाचे पोट्टे बेलबॉटम घालून गळ्यात अडकवून फिरते ना, मधात गोल भोक असलेली, खोक्यासारखी, तशी बी नाही! माझ्या गिटारीचं वरचं लाकूड सपाटच नाही. मधात फुगलेलं, कडेले उतरतं, जशी कढईतून निघाल्याबरोबरची पुरी. भोक नाही, दोन बाजूले दोन वेलांट्या कोरलेल्या, फिडलले राहते तशा. लढाईच्या आधीची विलायती चीज! आणि जुनी म्हणजे किती जुनी… उजवा हात जिथं टेकते तिथला रंग पार उडून आतलं पांढरं लाकूड दिसते, पाठीवर कमरपट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे, आणि तारा ज्या पितळी पडद्यांवर दाबायच्या त्या वरच्या पडद्यांले अशा खाचा पडल्या, जशा विहिरीच्या दगडाले दोराच्या पडते.

आता तुम्ही म्हणान, मस्कासाथच्या पापडवालीले ही भेटली कुठं? सांगते ना. श्वास त घेऊ द्या.

मी पापड करते. शेवया, कुरड्या, वड्या, लिंबाचं लोणचं, सारं करते, आणि अजनीच्या रेल्वे कॉलनीत नेऊन विकते. तिथं लॉरेन्ससाहेब राहत. मेलगाडीचे ड्रायव्हर. जातीचे अँग्लो-इंडियन, गोरे म्हणा त गोरे नाही, आपले म्हणा त आपले नाही, पण माझ्या लोणच्यापुढं पक्के नागपूरचे! रेल्वेच्या क्लबात नाच राहत तवा साहेब ही गिटार वाजवत, आणि रिटायर झाल्यावर संध्याकाळी व्हरांड्यात. मी पापड देऊन मोकळी झाली तरी जात नसे. “मेमसाब, थोडा पानी पिलाव” म्हणायची, आणि त्या एका गिलासाले घंटाभर लावायची. नजर सारी साहेबाच्या बोटांवर! कोणतं बोट कुठं गेलं, कवा उठलं, कवा दुसऱ्यानं त्याची जागा घेतली… तुम्हाले सांगते, माझं सारं शिक्षण असंच झालं. पारशिवनीजवळ आमचं गाव, तिथं पोरीची शाळा नव्हती. वाचायले मी शिकली किराण्याच्या पुड्यांवरून. पुडी सोडायची, कागद सरळ करायचा, आणि वाचायचं. अर्धी बातमी साखरेच्या पुडीत, बाकीची अर्धी गेली दुसऱ्याच्या घरी हळदीसंगं! म्हणून मले आजही कोणत्याच भानगडीचा शेवट माहीत राहत नाही, पण वाचता येते, खणखणीत.

मंग साहेब गेले. आणि मेमसाब निघाल्या पोरीकडं, ऑस्ट्रेलियाले. घरातल्या एकेका सामानाले गिऱ्हाईक येऊन राहिलं. त्या दिवशी मी खाली बसून पापड काढून राहिली होती आणि बर्डीच्या बाजारातला एक दुकानदार आला, पायात चकचकीत बूट, गिटार उलटी-पालटी करून पाह्यली आणि म्हणते कसा, “मेमसाब, बजाने के तो लायक नहीं रही, बहुत घिस गई। शोकेस में टांग देंगे, शिलाई मशीन के बाजू में।”

शोकेसमध्ये! मेमसाबचा चेहरा असा झाला, जसं कोणी साहेबालेच टांगतो म्हटलं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “मेमसाब, मेरेको दो.”

दुकानदार हासला. “बाई, ये चकला-बेलन नहीं है।”

मी म्हटलं, “मालूम है. चकला-बेलन होता त तुम्ही कवाच ओळखला असता, तुमच्या पोटावरून दिसते.” 

मेमसाब म्हणते, “फूलाबाई, तुम बजाएगा?”

“बजाएगा.”

“आता है?”

“नहीं आता. आ जाएगा.”

बस, एवढीच माझी परीक्षा. आणि घिसली म्हणून नाक मुरडणाऱ्याले मी जाता जाता सांगतलं, म्हटलं, भाऊ, तुम्ही कवा पाटा-वरवंटा घेतला काय? नवा पाटा आणा, पहिले आठ-पंधरा दिवस चटणीत निरे खडे! आणि माझ्या सासूचा पाटा, मधात पार खोलगट झालेला, त्याच्यावर नुसता लसूण ठेवला तरी चटणी व्हायले पाहते. जे झिजलं ते कामात आलं म्हणून झिजलं. न झिजलेल्या चिजेचा आणि न झिजलेल्या माणसाचा मी त भरोसाच करत नाही. केवढ्याले पडली म्हणता? बाईचं वय आणि वाद्याचा भाव विचारू नये बाप्पा. घेतली. माझ्या पापडाच्या कमाईतून घेतली. मी कोणाले विचारून जन्माले आली काय?

घरी आणली त आमचे हे ओट्यावरच. हे म्हणजे रुपराव. हाव, नाव घेते मी. नाव ठेवलं ते घ्यायलेच ना? मिलमधून रिटायर झालेला माणूस, सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पानठेला. म्हणते, “हे काय आणलं वं?”

“गिटार.”

“कायले?”

“वाजवायले.”

“कोण वाजवीन?”

“मी.”

ते जे खाली बसले, पाणी दिल्यावरच बोलले. आणि बोलले काय? “लोकं काय म्हणतीन?” साऱ्या जिंदगीत या माणसानं मले दुसरा प्रश्नच विचारला नाही! मी नव्वारी सोडून पाचवारी नेसली, लोकं काय म्हणतीन. मी पापड विकायले निघाली, लोकं काय म्हणतीन. अजी, लोकं काय म्हणते ते लोकांलेच विचारा ना, मी त इथंच आहे!

सुनेचं दुसरंच. चारुशीला. चांगली आहे, मॅट्रिक आहे, पण कान नाजूक. “आई, तुमच्या टुंगटुंगनं भात करपला.” आता भात टुंगटुंगनं करपते काय? चुलीवर ठेवून शेजारणीसंगं बोलत बसलं की करपते! पण खोटं कायले बोलू, आवाज होताच. ही गिटार कुजबुजणारी नाहीच. तिले बनवलंच असं की क्लबात इकडून पिपाण्या वाजो, तिकडून ढोल, त्याच्यातून बी तिचा आवाज शेवटच्या खुर्चीवरच्याले गेला पाहिजे. हळू बोलणं तिले माहीत नाही. माझ्यासारखीच! मी जिथं एक तार छेडे तिथं प्रयागबाईची मांजर दोन छपरं पलीकडं जाय.

आणि सूर? मेमसाबनं जातानी सांगतलं होतं, ही तार ई, ही ए, ही डी… मी म्हटलं, या इंग्रजी बाराखडीत मी कुठं धसू? मी सरळ सा लावला, मंग प, मंग वरचा सा, पुन्हा प, अशा जोड्या लावून टाकल्या. आता ती विलायती राहिली नाही, मस्कासाथची झाली. बोटांले फोड आले, फुटले, हळद-तेल लावलं, पुन्हा आले. एक दिवस पुसता पुसता तारा ढिल्या केल्या आणि घोडीच निघून हातात आली! घोडी म्हणजे ती लाकडी पट्टी, जिच्यावर तारा टेकते. मी घाबरली. गल्लीतला बळीराम सुतार आला, पाह्यलं आणि खिशातून खिळा काढला. “काकी, दोन खिळे ठोकून देतो, जिंदगीभर हालणार नाही.” मी त्याचा हात धरला. म्हटलं, थांब गा बाप्पा! साहेबाजवळ एवढे वर्ष होती, साहेबाले काय खिळे भेटत नव्हते? खिळ्याचं भोक नाही, सरसाचा डाग नाही… म्हणजे ही ठोकायची चीजच नाही, ही फक्त तारांच्या दाबानं उभी राहते! मंग मी एकटी बसली, घोडी केसभर इकडं सरकवली, केसभर तिकडं, वरचा सूर आणि मधातला सूर जुळेपर्यंत. जुळला, तवा मले असं वाटलं, कोणी आतून दार उघडलं.

आणि एवढं कायले, म्हणान. तेही सांगते. माझी माय जात्यावर एक ओवी म्हणे.

सरलं दळण माये, सरंना वाट,
नदीच्या पल्याड माझ्या माहेराचा घाट.

माय गेली, मायच्या संगं म्हणणाऱ्या गेल्या. घरोघरी चक्कीचं पीठ आलं, जात्यावर आता तुळशीची कुंडी ठेवते. मले वाटे, ही चाल आता साऱ्या दुनियेत माझ्या एकटीजवळ आहे, आणि माझा गळा गेला. म्हातारीचा गळा तो, ‘पल्याड’ म्हणायले वर जाते आणि तिथंच बसते. म्हणून गिटार! गळा नाही त नाही, तारेले कुठं म्हातारपण आहे? फक्त एकदा, माणसांसमोर, ती ओवी पुरी वाजली पाहिजे. मी गेल्यावर कोणाच्या त कानात राहीन. एवढंच मागणं. पण ‘पल्याड’ आलं की करंगळी चुके, रोज चुके. आणि तिकडून चारुशीला म्हणे, “आई, नदी पार झाली काय?” हासते मले!

आता पोळ्याची गोठ सांगते.

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असान त तुम्हाले आमची मारबत माहीत नसीन. पोळ्याच्या संध्याकाळी आम्ही दारात पळसाच्या डांग्या, म्हणजे फांद्या, ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं तुटकं सूप, झिजलेली झाडणी, जे काही दळभद्री आहे ते ओट्यावर काढायचं, आणि मारबतीची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे बाईचा मोठ्ठा पुतळा, एक काळी, एक पिवळी, आणि तिच्या मागं बडगे. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा पुरुष, दरवर्षी नवा. त्या साली ज्याचा लोकांले ताप झाला त्याचा बडग्या! महागाईचा, साठेबाजाचा, डासाचा… आणि सारे ओरडते, ईडा पिडा घेऊन जा गे मारबत! शहराबाहेर नेऊन जाळते. आणि एक नेम पक्का. मारबतीले दिलेली चीज घरात वापस आणायची नाही. आणली त ईडा पिडा तिच्यासंगं वापस येते.

त्या सकाळी मी गेली होती पिवळ्या मारबतीची ओटी भराले. हातात नारळाची पिशवी, काखेत रुपरावची छत्री, कारण आभाळ भरून होतं. इतवारीच्या बाजारात ही गर्दी! छपरावर माणसं, खांबावर माणसं, ताशांनी कान बसले. आणि बडगे येऊन राहिले एकामागं एक. महागाईचा गेला, आणि त्याच्यामागं आमच्या गल्लीच्या कवडूचा! कवडू भाजी विकते, पण बडगे बनवावे त त्यानंच. त्या साली त्यानं फॅशनचा बडग्या केला होता. डोक्यावर घोड्याच्या शेपटीचे केस, डोळ्यावर काळा चश्मा, बेलबॉटम एवढं रुंद की त्याच्यात आमची सारी गल्ली शिवून निघाली असती… आणि हातात गिटार!

मी हासली, पोट धरधरून हासली. टाळ्या वाजवल्या मी! बाजूच्या बाईले म्हटलं, “पाह्य वं पाह्य, काय कारागीर आहे आमचा कवडू! गिटार पाह्य, थेट माझ्या गिटारीसारखी! पुरीसारखं फुगलेलं पोट बी काढलं. अवं, हात घासून रंग उडालेला बी दाखवला! खाचा बी…”

मी टाचा वर करून पुन्हा पाह्यलं.

खाचा कागदाले कशा पडतीन?

तुम्हाले सांगते, मंग मी कशी चालली, कोणाच्या पायावर पाय दिला, काही आठवत नाही. आठवते ते एवढंच, की मी बडग्याच्या हातगाडीसमोर उभी आणि माझ्या मागं सारी मिरवणूक थांबलेली.

“काकी, बाजूले व्हा! मागून ढोलवाले येऊन राहिले!”

“कवडू, गिटार उतरव.”

“अवं काकी, सकाळी तुम्ही निघाल्यावर काकाजीनंच दिली ना! मी म्हटलं, बडग्याच्या हातात काही पाहिजे, त काकाजी म्हणे, घेऊन जा बाप्पा, आमच्या घरची खरी ईडा पिडा हेच आहे!”

काकाजीनं! रुपरावनं! दरवर्षी या माणसाच्या हातून एक फाटकी टोपी सुटत नाही, आणि या साली एवढं दान!

“उतरव म्हटलं ना गा.”

“काकी, मारबतीले दिलेलं वापस घेत नसते. तुम्हालेच पाप लागीन.”

“लागू दे. मी कोणाले विचारून जन्माले आली काय? पापच विचारून घेऊ?”

मागून ओरडा सुरू झाला. कोणी म्हणे, म्हातारीले उचला. कोणी म्हणे, म्हातारीलेच बडग्याच्या बाजूले बसवा! कवडू बिचारा मधात फसला. म्हणते, “काकी, ईडा पिडा म्हणून दिली ती. मी कशी सोडू? साऱ्या गल्लीनं पाह्यलं.”

मी म्हटलं, “कवडू, ईडा पिडा खोकलते, कण्हते, उसनवारी मागते. वाजते काय? वाजली त पिडा नाही. बोल, मंजूर?”

तो हासला. “वाजवा मंग!” त्याले वाटलं, म्हातारी काय वाजवते!

चढली मी गाडीवर. पण या लेकाच्यानं गिटार बडग्याच्या दोन्ही हातांले सुतळीनं अशी करकचून बांधली होती की सुटता सुटेना. मंग काय करता? बसली बडग्याच्या मांडीवर! हासा, हासा. सारी इतवारी हासली, तुम्ही हासले त काय मोठं. त्याचे हात माझ्या दोन्ही बाजूनं, घोड्याची शेपटी माझ्या तोंडावर, आणि मी आपली गिटार पोटाशी ओढून छेडली. अरे देवा! भांडं पडावं असा आवाज. सुतळीच्या वढीनं घोडी सरकली होती. लोकं आणखी हासले. मी आंगठ्यानं घोडी लोटली, केसभर इकडं… त्या गोंगाटात कान लावला, केसभर तिकडं… आणि बसली जागेवर.

आणि मंग मी वाजवली. खरं सांगते, पहिल्या सुराले ताशेवाला थांबला, कारण त्याच्या ताशातून बी तिचा आवाज पार होऊन राहिला होता! सरलं दळण माये… उतरली चाल बरोबर. सरंना वाट… बरोबर. नदीच्या… आणि ‘पल्याड’ आलं. करंगळी वर गेली आणि चुकली. चुकली हो! भर इतवारीत! मी पुन्हा नदीपाशी आली. पुन्हा चुकली. कवडूनं मान खाली घातली, ढोलवाल्यानं टिपरू उचललं…

आणि गर्दीतून एक बाई गायली. “पल्याऽऽड माझ्या माहेराचा घाट!”

खड्या आवाजात! डोक्यावर गाठोडं, हिरवं लुगडं, रामटेककडची असावी, पोळ्याले नागपुरात आलेली. गळा हा असा मोकळा! तिच्या त्या ‘पल्याड’चं बोट धरून माझी करंगळी बी गेली वर, आणि पोचली. पुरी ओवी वाजली! तिनं पुन्हा म्हटली, मी पुन्हा वाजवली, मंग तिच्या बाजूची एक म्हणायले लागली, मंग खिडकीतली एक म्हातारी… मले वाटे, साऱ्या दुनियेत ही ओवी माझ्या एकटीजवळ! आणि इथं पाहा, अर्ध्या इतवारीच्या बायांजवळ आहे! खरं सांगू? पहिले मले थोडा रागच आला. माझ्या मायची ओवी या कशा म्हणून राहिल्या, कोणाले विचारून? आणि मंग डोळे असे भरले की कवडूचा काळ्या चश्म्याचा बडग्या बी मले रडतानी दिसला.

कवडूनं भाजीचा चाकू काढला आणि सुतळी कापली. म्हणते, “काकी, वाजली. पण माझ्या बडग्याचे हात रिकामे झाले ना.” न्यायाची गोठ होती. मी संगं आणलेली छत्री दिली. रुपरावची! घेऊन जा गे मारबत!

आता तुम्हाले वाटीन, झालं. कुठलं झालं! घरी आली त दारात प्रयागबाई, दोन्ही हात चौकटीले लावून उभी, जशी मीच पिवळी मारबत. “नाही वं माय! मारबतीले दिलेलं घरात नाही येत! साऱ्या गल्लीले भोगा लागीन!” मागून चारुशीला, “हाव आई, असं करू नोका.” त्यांच्या मागं रुपराव. गरीब चेहरा करून म्हणते, “नेम म्हणजे नेम. मी काय सांगणार?” आणि आतून खुशी अशी फुटून राहिली की मिशीतून दिसे! त्याले वाटलं, जिंकला.

मी एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिली. विचार केला. खोटं नाही बोलत, मीही नेम मानते. मायसंगं मी बी डांग्या ठेवल्या दारात. मी म्हटलं, “बरं. घरात येत नाही ना? नोको येऊ.” आणि बसली ओट्यावर.

प्रयागबाई म्हणते, “अवं पण ओटा बी घराचाच…”

“आज सकाळी मारबतीचं सामान काढून कुठं ठेवलं तुम्ही? ओट्यावर ना? ओटा घर राहिला असता त ते बाहेर निघालं कसं म्हणता? उंबरठ्याच्या आत घर. उंबरठ्याच्या बाहेर नागपूर!”

प्रयागबाईनं चौकटीवरचे दोन्ही हात काढले. कायदा त्यांचाच होता ना!

तेव्हापासून गिटार ओट्यावर राहते. पाहा आता गंमत. घरात असती त मी मागच्या खोलीत दार लोटून वाजवली असती, कोणाले पत्ता लागला नसता. आता रोज संध्याकाळी भर रस्त्यावर मैफल! भाद्रपदात पाऊस आला, त लाकूड फुगू नये म्हणून टिनाचं छप्पर टाका लागलं, तेही रुपरावनंच ठोकलं, कारण म्हणे, भिजली त लोकं काय म्हणतीन! बाया येऊन बसते, आपापल्या मायच्या ओव्या सांगते, मी शोधून शोधून वाजवते. एक वाजते, दोन फसते, पण उद्या वाजतीन. प्रयागबाई बी येते. शोभते काय म्हणते, आणि पहिल्या रांगेत बसते. चारुशीला त परवा हळूच म्हणे, “आई, माझ्या आजीची बी एक आहे.” भात करपला त्या दिवशी. साऱ्यांनी तसाच खाल्ला.

एकच अडचण. मी पापड विकायले अजनीले जाते तवा गिटारीजवळ बसाले कोणी त पाहिजे. आत ठेवता येत नाही, बाहेर सोडता येत नाही. मंग बसवलं ज्यानं बाहेर काढली त्यालेच. पांढरी टोपी घालून बसते रुपराव, दुपारची झोप सोडून.

काल मी वापस आली, टोपली रिकामी, पाय भरून आलेले. गल्लीच्या तोंडाशी पाह्यलं त ओट्यासमोर दोन अनोळखी माणसं. विचारून राहिले, “काकाजी, वाजवते म्हणतात ते तुम्हीच काय?” मी खांबाआड थांबली. म्हटलं, पाहू. एवढ्या वर्षांत एकदा त हा माणूस चारचौघात आपल्या बायकोचं नाव घेईन.

रुपरावनं टोपी सरळ केली. गिटारीवर असा हात ठेवला, जसा पोळ्याले सजवलेल्या बैलावर ठेवते. आणि म्हणते, “हाव… आता वयानं बोटं चालत नाही. पण आमच्या घरचीले मीच शिकवलं ना सारं.”

आता सांगा, काय करता अशा माणसाले? गेली मुकाट्यानं मागच्या दारानं, चूल पेटवली, आणि नेऊन दिला ओट्यावर चहा. मास्तरांसाठी, साखर जास्त टाकून.